भरवशाची फेज

माझं डोकं तापट आहे, हे लोणखेड्यात कुणालाही विचारा. आई म्हणायची, या पोरीच्या नाकावर माशी बसत नाही. पण जो प्रसंग सांगायला बसले आहे, त्यात मी चिडले नाही. जिथे चिडायला हवं होतं तिथे हसले, आणि 'बरं बाबा, तुमच्या मनासारखं होऊ द्या' म्हणाले. ते अजून जाळतं.

पुण्याची नोकरी सोडून मी घरी आले होते आणि घरी बसूनच कॉम्प्युटरची कामं घेत होते. तालुक्यातल्या एका ट्रस्टच्या दवाखान्यानं मला बोलावलं. दवाखाना लहान, पण तिथे रक्त साठवायची खोली होती, कारण सातपुड्यातल्या पाड्यांवर सिकलसेलचे पेशंट खूप. रक्त दोन ते सहा अंशांच्या मध्ये ठेवावं लागतं. तिथला फ्रिज म्हातारा झालेला, त्याची स्वतःची घंटा केव्हाच बंद पडली होती. खोली सांभाळणाऱ्या ताई दर चार तासांनी दार उघडून तापमान बघत आणि वहीत लिहीत.

त्या फ्रिजच्या वरच्या कप्प्यात दोन पिशव्या वेगळ्या ठेवल्या होत्या. धडगावच्या वर एका पाड्यावर राहणाऱ्या सात वर्षांच्या मुलीसाठी. तिला मेंदूचा एक झटका येऊन गेला होता, आणि दर महिन्याला रक्त चढवलं नाही तर दुसरा येईल, असं डॉक्टरांनी तिच्या आईला बजावलं होतं. इतक्यांदा रक्त घेतल्यामुळे तिच्या अंगाला आता नुसतं गट जुळणारं रक्तही सोसेनासं झालं होतं. पार सुरतेपर्यंत फोनाफोनी करून या दोन पिशव्या मिळाल्या होत्या. सोमवारी ती येणार होती.

माझं काम असं होतं. खोलीशेजारी तीन लहान मशीन बसवायची आणि त्यांचा एक क्लस्टर करायचा. आमच्या धंद्यात प्रत्येक प्रोग्राम आपल्या सामानासकट एका डब्यात बंद करतात, त्याला कंटेनर म्हणतात. एक मशीन मेलं तर त्याच्यावरचे डबे उरलेली दोन मशीन उचलून घेतात, काम थांबत नाही. एक डबा फ्रिजचं तापमान वाचणार, दुसरा ते नर्सच्या टेबलासमोरच्या टीव्हीवर दाखवणार, तिसरा काही बिघडलं तर ताईंच्या आणि माझ्या फोनवर इशारा पाठवणार.

तीन मशीन मी मुद्दाम तीन वेगळ्या फेजवर लावली, प्रत्येकाला आपापला छोटा यूपीएस. आमच्याकडे लाइट जाते तेव्हा बहुतेक वेळा सगळी जात नाही, तीनपैकी एक फेज जाते. त्यामुळे पोरासोरांनाही माहीत असतं की आपल्या घराची चांगली फेज कोणती. एक गेली की माणूस बोर्डाजवळ जातो, वायर काढतो, चालू असलेल्या फेजला जोडतो आणि येऊन निवांत चहा पितो. माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणतो, वायरमन होते. त्यांनी जन्मभर लोकांच्या वायरी अशा भरवशाच्या फेजवर नेऊन ठेवल्या. निवृत्तीनंतरही लोक त्यांना बोलवायला येत. या कामाची वायरिंगही त्यांनीच केली, हौसेनं, पोरीचं काम म्हणून.

शुक्रवारी सगळं उभं राहिलं. सकाळी मी एकेका मशीनची तब्येत विचारली. तिन्हींचं उत्तर 'रेडी'. डबे विचारले, सगळे 'रनिंग', एकही पडून उठलेला नाही. एक डबा मी स्वतःच्या हातानं मारला, तर तो शेजारच्या मशीनवर निमिषात जिवंत झाला. वा गं माझी बाय! मी खुर्चीतल्या खुर्चीत उड्या मारल्या. इशाऱ्याचा डबा चालतो का हे बघायला ताईंच्या फोनवर वीस तरी खोटे इशारे पाठवले. त्या कावल्या. "पुरे कर वं बहीन, कान किटनात मन्हा." आणि मी, मोठी शहाणी, त्यांना म्हणाले, "ताई, आता ती वही बंद करा. कशाला दर चार तासांनी दार उघडता?" त्यांनी वही कपाटात ठेवून दिली.

अकराला पूजा झाली. हळदकुंकू, नारळ, पेढे. मग जेवायला बसलो. आबा आधी उठले. एका मशीनचा यूपीएस पिरपिरत होता, कारण त्या फेजचं व्होल्टेज दुपारी नेहमीच उतरतं. शेतातल्या मोटारी लागल्या की उतरणारच. आबांना ते ऐकवेना. त्यांनी ते मशीन भरवशाच्या फेजवर नेलं, आणि हात लागलाच आहे म्हणून दुसरंही नेलं. तिसरं आधीपासून तिथेच होतं. फ्रिज तर वर्षानुवर्षं तिथेच होता. यूपीएस होते, त्यामुळे काहीही बंद पडलं नाही. मला पत्ता लागला नाही. मी आमरस ओरपत होते.

जेवण झाल्यावर शेवटची तपासणी राहिली होती. मेन बोर्डावर एकेक फेज मुद्दाम पाडायची आणि क्लस्टर तग धरतो का बघायचं. मी उठले, बोर्डाकडे निघाले, तर सगळे अंगावर आले.

"आताच नारळ फोडं, आनि आते बंद करस?" आबा म्हणाले. "नवी मोटार बसाडी तं पहिला दिन कोनी बंद करस का?"

"आबा, बघावं लागतं."

"चांगली फेज कोनी जानीबुजीसन पाडस का, येडी!"

ताई म्हणाल्या, "राहू दे ना वं, आज अपशकुन नको. सोमवारले कर." दवाखान्याचे डॉक्टरही हसले. कशात तथ्य आहे आणि कशात नाही हे विचारायला शिकण्यात मी पुण्यात इतकी वर्षं घालवली होती, आणि तरी मी हसले. दोन मिनिटांचं काम होतं हो! बोर्डाचं झाकण उघडलं असतं तरी वायरी दिसल्या असत्या. टीव्हीवर चार अंश, हिरवा रंग. मी लॅपटॉप मिटला.

शनिवारी घरून सहज बघितलं. तिन्ही यूपीएस आपापलं व्होल्टेज कळवत. शुक्रवारी सकाळी तीन आकडे तीन तऱ्हेचे होते, एक तर फारच खाली. आता तिन्ही अगदी सारखे, २३१, २३१, २३१. मी थांबले. तीन वेगळ्या फेजचे आकडे कधी असे एकसारखे नसतात, हे वायरमनच्या पोरीला कुणी सांगायला हवं का? पण दुसऱ्या दिवशी सारंगखेड्याला मामेबहिणीचं लग्न होतं, साडीला फॉल लावायचा राहिला होता. म्हटलं, आपल्या जिल्ह्याला कधी नव्हे ते बरं व्होल्टेज मिळतंय, दृष्ट कशाला लावा.

रविवारी सकाळी साडेअकराच्या सुमारास भरवशाची फेज गेली. भरवशाच्या म्हशीला टोणगा म्हणतात तो असा. दवाखान्यात दिवे चालू, पंखे चालू, म्हणून कुणाला काही कळलं नाही. जनरेटर सगळी लाइट गेल्यावरच उठतो, एका फेजचं त्याला सोयरसुतक नाही. फ्रिज बंद पडला. तिन्ही मशीन यूपीएसवर थोडा वेळ जगली आणि पाठोपाठ मेली. इशारा पाठवणारा डबा त्यांच्यातच होता, तोही मेला. टीव्ही मात्र दुसऱ्या फेजवर. त्यावर शेवटचं पान तसंच राहिलं, चार अंश, हिरवं. बाहेर वैशाखाचं ऊन होतं. ताईंनी दिवसभरात कितीदा तरी त्या टीव्हीकडे बघितलं आणि निश्चिंत राहिल्या. त्या वेळी मी मांडवात वऱ्हाड्यांना वाढत होते.

संध्याकाळी फेज आली. फ्रिज गुरगुरला, मशीन आपोआप उठली, डबे एकामागोमाग जागे झाले आणि पहिला आकडा वाचला गेला, एकोणीस. इशारा गेला. ताई तोवर घरी पोचल्या होत्या. त्यांना वाटलं, पोर अजून इशाऱ्यांशी खेळतेच आहे. तासा-दीड तासात दुसरा संदेश आला, सगळं ठीक, पाच अंश. माझा फोन पर्समध्ये होता आणि पर्स मामीच्या कपाटात.

सोमवारी सकाळी चहा पिता पिता मी ते दोन संदेश बघितले. लॅपटॉप उघडला. सगळं हिरवं. तिन्ही मशीन 'रेडी', सगळे डबे 'रनिंग'. माझ्याकडे बघून हसत होते मेले. मग मशीन किती वेळ जागी आहेत ते विचारलं. तिन्ही एकाच मिनिटाला उठलेली. तापमानाच्या रेघेत दुपारभर काहीच नव्हतं, नुसती कोरी जागा, आणि तिच्यापलीकडे एकोणीस. पिशव्या आता पुन्हा थंड झाल्या होत्या. हात लावून कुणालाही त्या चांगल्याच वाटल्या असत्या. नासल्यात हे जगात एकट्या मला माहीत होतं.

ताईंना फोन केला. वाजला, वाजला, बंद झाला. पुन्हा केला. दवाखान्याचा फोन कुणी उचलेना. "आबा, गाडी काढा!" मी ओरडले. त्यांनी चप्पल शोधली नाही की कारण विचारलं नाही. वाटेत उसाचा ट्रॅक्टर आडवा आला, तर त्याच्या ड्रायव्हरला मी ज्या शिव्या दिल्या त्या इथे लिहिता येत नाहीत.

वॉर्डात शिरले तेव्हा पिशवी दांड्याला लटकत होती. मुलगी पलंगावर, हाताला सुई लावलेली, डोळ्यांत ताप. नर्सचं बोट नळीच्या चाकावर होतं.

"थांबा!" माझा आवाज फाटला. "सोडू नका! रक्त खराब आहे!"

नर्सनं बोट काढलं. पुढच्या दहा मिनिटांत डॉक्टरांनी लॅपटॉपवर रेघ बघितली आणि दोन्ही पिशव्या आणि फ्रिजमधलं बाकीचं रक्तही बाजूला काढलं. ताई भिंतीला टेकून रडायला लागल्या. मुलीच्या आईला कळेना काय झालं. ती एकदा पिशवीकडे, एकदा माझ्याकडे बघत होती. तिन्ही मशीन एकदमच कशी गेली, असं मी स्वतःशीच बडबडत होते, ते आबांनी ऐकलं. ते उठून बोर्डाकडे गेले. परत आले तेव्हा त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता.

डॉक्टर मला म्हणाले, "तुम्ही शुक्रवारी तपासणी पूर्ण केली होती ना?"

खोलीत सगळे होते. तपासणी राहिली हे डॉक्टरांना ठाऊक होतं, ते स्वतः हसले होते. ताईंनाही ठाऊक होतं. पण कुणालाच आता ते आठवायचं नव्हतं, हे मला त्यांच्या डोळ्यांत दिसलं. आणि शनिवारचे आकडे तर मीच एकटीनं पाहिले होते.

"हो," मी म्हणाले.

आबांनी माझ्याकडे बघितलं. फार वेळ नाही. मग ते डॉक्टरांकडे वळले. "साहेब, पोरनी बठ्ठं बरोबर करेल व्हतं. वायरी मी बदल्यात. तिले ठाऊक बी नव्हतं."

मी तिथेच उभी होते. तोंड उघडायला किती वेळ लागतो? मी उघडलं नाही.

मुलीला गाडीत घालून धुळ्याला पाठवलं. तिथे जुळणारं रक्त तिसऱ्या दिवशी मिळालं. दुसऱ्या दिवशी तिला झटका येऊन गेला होता. डॉक्टर म्हणतात, ती आधीच अशक्त होती, ताप होता, रक्त वेळेवर मिळालं असतं तर टळलं असतं असं कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. त्यांचं बरोबर असेल. मुलगी वाचली. डावा हात मात्र उचलत नाही, भाकरी मोडायला तिला आईची मदत लागते.

त्या सोमवारी घरी येताना आबा गाडीवर एवढंच बोलले. "तू हो सांगं ते बरं करं. तुले अजून काम करनं शे. मन्हं काय." मला वाटलं, त्यांनी मला गाडीवरून ढकलून दिलं असतं तर बरं झालं असतं.

आता मशीन पुन्हा तीन फेजवर आहेत, वही कपाटातून बाहेर आली आहे, आणि महिन्यातून एकदा मी स्वतः एकेक फेज पाडून बघते. आबा सोबत येतात, पण बोर्डाला हात लावत नाहीत. बाहेर बाकावर बसून राहतात. मुलगीही तिच्या तारखेला येते. वायरमन म्हाताऱ्यानं रक्त नासवलं आणि कॉम्प्युटरवाल्या बाईनं पोर वाचवली, असंच तिच्या आईला सांगितलं गेलं आहे. गेल्या वेळी तिनं डोंगरावरून माझ्यासाठी आमचूर आणला, फडक्यात बांधून. आबांच्या समोरून आली, पण त्यांच्याकडे बघितलं नाही, पदर आवरून बाजूनं गेली. माझ्या हातात पुरचुंडी दिली आणि वाकून माझ्या पायांना हात लावला.

आबा खाली बघत राहिले. मी पुरचुंडी घेतली.