वळकटीतली मोहिनी

बंदराकडे उतरताना माझ्या वळकटीचं एक टोक वडिलांनी आपल्या खांद्यावर घेतलं होतं. दुसरं माझ्या खांद्यावर. मे महिना सरत आलेला, पावसाआधीच्या शेवटच्या आगबोटींपैकी एक. आगबोटीपर्यंत नेणाऱ्या पडावात वळकटी चढवताना ते म्हणाले, "जड आहे रे. मामाकडे काय अंथरूण मिळायचं नाही?" मी म्हटलं, "आईनं दोन गोधड्या घातल्यात."

वळकटीत एकही गोधडी नव्हती. सतरंजीच्या आत मोहिनीची वस्त्रं होती. ती देवळाची होती, गावाची होती, आणि मी ती चोरून नेत होतो. हे मी आजवर आपणहून कोणापाशी बोललेलो नाही. बायकोला मागच्या महिन्यात कळलं, तेही माझ्या तोंडून आधी नाही.

जे गावी राहिलात आणि जे माझ्यासारखे पोटामागे इंदूर-बडोद्याकडे पांगलात, त्या सगळ्यांसाठी हे लिहितो आहे. लिहायला बसलो की उठतो, पाणी पितो, परत बसतो. चालायचंच.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. राजापूरकडच्या आमच्या गावी चैत्रातल्या उत्सवाच्या शेवटी लळित होतं. एकेक सोंग येतं, देवापुढे दोन शब्द बोलतं, हसवतं, जातं. शेवटचं सोंग मोहिनीचं. ती नाचली की उत्सव संपला. मोहिनी आमच्या घरातला पुरुषच नाचायचा. हिरवा शालू, जरतारी चोळी, कमरपट्टा, गंगावन म्हणजे खोटे केस, आणि पायांतले चाळ, एवढं सगळं एका पेटीत. किल्ली शेवटी नाचलेल्याच्या जानव्याला. त्यानं देवळात सगळ्यांसमक्ष पुढच्याच्या पायांत आपल्या हातानं चाळ बांधायचे आणि मग किल्ली द्यायची. तोवर पेटीला दुसऱ्या कोणाचा हात लागायचा नाही. तात्यांनी, म्हणजे वडिलांनी, माझ्या पायांत चाळ बांधले तेव्हा मी चौदा वर्षांचा होतो. पाच चैत्र नाचलो.

राजापूरच्या शाळेत पोरं म्हणायची, "मोहिनीबाई, पदर सांभाळा!" मी फार वर्षं स्वतःला हेच सांगत आलो की, लाजेपायी नेली वस्त्रं. ग्वाल्हेरला दरबारच्या कचेरीत कारकून व्हायचं, तिथे मागून कोणी हे काढायला नको. पण लाजच असती तर पेटी तिथेच टाकून पळालो असतो. लाजलेला माणूस आपली लाज गाठोड्यात बांधून बरोबर नेत नाही.

खरं कारण माझा धाकटा भाऊ दत्तू. त्या वर्षी उत्सव झाल्यावर एका दुपारी खळ्यात तो आपला उगीच मोहिनीचे पाय टाकत होता. कमरेला लंगोटी आणि खांद्यावर आईचं जुनेर. भिकूकाका, आमचे मृदंगवाले, पान चघळत बघत होते. मी तिथून चाललो होतो. काका मला म्हणाले, "काय रे, पाच वर्षं तू पायानं नाचलास. ह्याचं बघ, हा अंगानं नाचतोय मेला." तात्या हसले. नुसते हसले. पण त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते पाच वर्षांत माझ्यासाठी कधी आलं नव्हतं.

तात्यांनी सांगून ठेवलं होतं, "पुढल्या चैत्रात चार दिवसांची रजा काढून ये आणि दत्तूच्या पायांत चाळ बांध." मी हो म्हटलं. निघायच्या आदल्या दिवशी पेटी रिकामी केली, वजन राहावं म्हणून माझी गोधडी आत कोंबली, कुलूप लावलं. किल्ली जानव्याला.

ग्वाल्हेरला मामा माधवगंजात राहायचे. लष्कर म्हणतात त्या ग्वाल्हेरच्या भागात निम्मी मंडळी आपलीच, त्यामुळे परकं असं वाटायला नको होतं. पण इथली मराठी निराळी. मामी म्हणायची, "फुरसत असेल तर बाजारातून धनिया घेऊन ये." मी उभाच, धनिया म्हणजे कोथिंबीर हे कुठे ठाऊक. वर्षाभरात मीही तसाच बोलू लागलो. भातावरून फुलक्यांवर आलो, धोतरावर अचकन चढली. कचेरीत नाव चांगलं झालं. मितभाषी माणूस, हिशेबाला पक्का. मितभाषी खराच होतो. बोललो असतो तर काय निघालं असतं कुणास ठाऊक.

उन्हाळ्याचे मात्र हाल. लू सुटली की कचेरीच्या दारांना खसच्या टट्ट्या लागायच्या आणि भिस्ती त्यांवर पाणी मारायचा. बाकीचे म्हणायचे, "वा, क्या ठंडक है." मला तो वास सोसायचा नाही. खस म्हणजे आपला वाळाच. मोहिनीच्या वस्त्रांत कसर लागू नये म्हणून तात्या वाळ्याच्याच जुड्या घालायचे. सगळी कचेरी पेटीच्या आत बसल्यासारखी व्हायची. टेबलाखाली माझे पाय हलत राहायचे. लग्नानंतर बायको रागवायची, "अहो, पाय नका हलवू, घरात दारिद्र्य येतं!" थांबवायचो. थोड्या वेळानं पुन्हा.

पहिला चैत्र आला. मी रजा मिळत नाही असं कळवलं. रजा मागितलीच नव्हती. तात्यांचं पत्र आलं, "हरकत नाही. किल्ली रजिस्टर पोस्टानं पाठव. तुझ्याऐवजी मी बांधतो." किल्लीला नाही म्हणायला काही कारण सुचेना. पाठवली. वाटलं, रिकामी पेटीच काय ते सांगेल. आपल्याला तोंड उघडायला नको.

पुढचं मला दत्तूच्या पत्रातून कळलं. देवळात मंडळी भरलेली. दत्तूच्या तोंडाला पिवडी लावून झालेली, भुवया रंगवलेल्या. तात्यांनी पेटी उघडली. आत माझी गोधडी. मग तात्या मोठ्यानं म्हणाले, "अरे हो, सांगायचंच राहिलं! जरतार काळी पडली होती. थोरल्यानं ग्वाल्हेरला नेलीय, दरबारचे कारागीर आहेत तिथे. नवी होऊन येईल." देवासमोर उभं राहून सांगितलं. दत्तू विहिरीवर गेला आणि तोंड धुऊन आला. पत्रात त्यानं एवढंच लिहिलं होतं. खाली 'तुझा दत्तू'.

आता यातली मेख बघा. वस्त्रं हरवली असती तर गावानं वर्गणी काढून नवी शिवली असती. पण तात्या म्हणाले होते, येताहेत. मग नवी शिवणं म्हणजे तात्यांवर अविश्वास. म्हणून गाव थांबलं. दर चैत्रात कोणी ना कोणी विचारायचं, "काय तात्या, झाली का जरतार?" तात्या म्हणायचे, "होतेय. दरबारचं काम, सावकाश असतं." चार-पाच वर्षांनी विचारणंही थांबलं. लळित मोहिनीवाचून संपू लागलं.

मुलीच्या बारशाला तात्या ग्वाल्हेरला आले. तोवर आम्ही लष्करातल्याच दाना ओली मोहल्ल्यात बिऱ्हाड केलं होतं. बाहेरच्या खोलीत त्यांचं अंथरूण, आणि त्याच खोलीत पत्र्याची ट्रंक. बायकोला मी सांगितलं होतं की त्यात माझ्या आजोबांचं सोवळं आहे. चार दिवस तात्या त्या ट्रंकेला पाठ टेकून बसले, नातीला मांडीवर घेऊन. मी रोज ठरवायचो, आज. निघायच्या सकाळी टांगा दाराशी आला, तेव्हा जोडे घालता घालता माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "वाळ्याच्या जुड्या बदलत जा. कसर लागेल."

मी म्हटलं, "हो."

तेव्हाच ट्रंक उचलून टांग्यात ठेवता आली असती. टांगेवालाही म्हणत होता, "और कुछ सामान, बाबूजी?" मी म्हटलं, "नहीं, बस." तात्या त्यानंतर दोन वर्षांनी गेले.

आता मागच्या महिन्याचं. त्याच मुलीचं लग्न ठरलं आहे. लढाई संपली तरी धड कापड मिळत नाही. बायकोनं ठरवलं, कन्यादानाला मी आजोबांचं सोवळं नेसायचं. मी कचेरीत असताना तिनं ट्रंक उघडली. संध्याकाळी घरी आलो तर पलंगावर हिरवा शालू पसरलेला, चोळी, कमरपट्टा, गंगावन, चाळ. ही कोपऱ्यात बसलेली.

"हे सोवळं आहे?"

मी अचकनीची बटणं काढू लागलो.

"कोणाची आहे ती? लष्करातलीच आहे की बाहेरची? चाळसुद्धा ठेवलेत जपून!"

"देवीची वस्त्रं आहेत. गावच्या."

"देवीला गंगावन लागतं?" ती म्हणाली. मग शालू गोळा करत, "ठीक आहे. देवीची असतील तर उद्या मंदिरात देऊन टाका. नसतील तर विका. माझ्या घरात मात्र ही राहणार नाहीत, बिलकुल नाही."

मी दोन्हींतलं काही केलं नाही. आठ दिवस ट्रंक या खोलीतून त्या खोलीत हलवत राहिलो. शेवटी तिनंच जुनी जरतार विकत घेणाऱ्या म्हाताऱ्याला बोलावलं. हे लोक पदर जाळतात आणि राखेतून चांदी काढतात. म्हातारा ओट्यावर बसला. शालूच्या पदराचा एक धागा ओढून त्यानं काडी लावली. रेशीम भुर्रकन जळलं, चांदीची बारीक तार राहिली. "असली माल है," तो म्हणाला. मग चोळी उचलली, उलटीसुलटी केली, खांद्यावरून वीत फिरवली आणि हसला.

"बहूजी, यह जनाना नहीं है. मर्द के नाप की चोली है. कंधा देखिए. और पसीना भी मर्द का है, यह दाग जाता नहीं."

बायकोनं चोळी त्याच्या हातून घेतली. माझ्या खांद्यांकडे बघितलं, चोळीकडे बघितलं.

"अहो," ती म्हणाली, "तुम्ही?"

"मी."

"तुम्ही नाचायचे?"

"पाच वर्षं."

ती इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं. म्हातारा पण हसला. "आणि मी आठ दिवस त्या सटवीला शिव्या देतेय! सटवी रोज माझ्याच हातचे फुलके खातेय!" म्हाताऱ्याला तिनं परत पाठवलं. मग माझ्यासमोर बसली. म्हणाली, "पण मग लपवायचं कशाला? नाचत होता तर नाचत होता." तेव्हा मी सगळं सांगितलं, खळ्यातल्या दुपारपासून. ती हळूहळू हसायची थांबली. शेवटी एवढंच म्हणाली, "मामंजी इथे चार दिवस होते. आणि तुम्ही त्यांना तसंच परत जाऊ दिलंत?"

त्या आठवड्यात मी दत्तूला पत्र लिहिलं. सत्तावीस वर्षांत पहिलं खरं. विचारलं की, वस्त्रं ठेवू, विकू, की तिकडे पाठवू. तू सांगशील तसं.

दत्तूचं उत्तर असं:

"दादा, तू नेलीस हे मला त्या दिवशीच कळलं, गोधडी तुझी होती. तात्यांनाही कळलं. तू का नेलीस तेही मला ठाऊक आहे, त्याचं आता काही नाही. माझे गुडघे गेले, भिकूकाका गेले. मला वस्त्रं नकोत. पण तुला एक ठाऊक नाही ते लिहितो. तात्या तुझ्याकडून बारशाहून रिकाम्या हातानं परत आले, तेव्हापासून गावात बोलणं झालं की, म्हाताऱ्यानं मोहिनी ग्वाल्हेरला विकून खाल्ली. तोंडावर कोणी म्हणालं नाही. पण त्यानंतर देवळात तात्यांना कोणी गंध लावायला पुढे बोलावलं नाही. ते मागच्या खांबाशी बसायचे. म्हणून विकू नकोस. विकलीस तर गाव खरं ठरेल. आणि पोस्टानं पाठवू नकोस. आणायची तर स्वतः आण."

हे पत्र मी किती वेळा वाचलं सांगता येणार नाही. मी इथे नावारूपाला येत होतो, कचेरीत लोक मला उठून जागा देत होते, आणि तिकडे तात्या मागच्या खांबाशी. दर महिन्याला त्यांचं कार्ड यायचं. सगळे खुशाल, म्हणून.

वस्त्रं विकणार नाही. ट्रंक आता मधल्या खोलीत उघडीच असते. बायकोनं शालूला ऊन दाखवलं, चोळीचे उसवलेले टाके घातले. मुलीनं एकदा कमरपट्टा लावून बघितला आणि म्हणाली, "बाबा, खरंच तुम्ही? मला यकीन होत नाही." मला स्वतःलाही होत नाही. लग्न फाल्गुनात आहे, उत्सव चैत्रात. रजेचा अर्ज लिहिलेला आहे. तो रोज अचकनीच्या खिशातून कचेरीत जातो आणि रोज घरी परत येतो.

सगळे विचारतात, तुमचं घर कोणतं. इतकी वर्षं मी म्हणत होतो, इथलंच, लष्करचं. मुलगी इथली, बोली इथली, मेलो तर लाकडंही इथलीच. पण जिथे माझ्या वतीनं सांगितलेलं एक खोटं अजून उभं आहे, तिथून मी निघालोच नाही असं आता वाटतं. आगबोट तेवढी गेली. घर म्हणायचं तर तेच, मग तिथे मला कोणी पाट मांडो न मांडो.

दत्तूचा नाच मी त्याला परत देऊ शकत नाही. ते गेलं. एक मात्र देता येतं, आणि ते अजून दिलेलं नाही. देवळात, सगळ्या गावासमोर उभं राहून सांगायचं की, तात्यांनी वस्त्रं विकली नाहीत, मी चोरली, आणि ते माझ्यासाठी खोटं बोलले. एवढं माझ्याकडून यायचं बाकी आहे.