ढगाची दोरी

दोरी ओढण्याआधी ते तळवा पँटला पुसायचे, मग तो दोरीवर नुसता ठेवायचे आणि डोळे मिटायचे. नाडी बघणाऱ्या वैद्यासारखे. पाच-सात सेकंदांनी डोळे उघडून म्हणायचे, "भ्यालो हाय. आता चालू दे."

मी मस्कतला, अझैब्यातल्या एका लहान खाजगी सभागृहात स्टेज मॅनेजर आहे. पडदा कधी उठायचा, दिवा कधी विझायचा, हे इशारे माझ्या टेबलावरून जातात. दोरीवर हात ठेवणारे ते आमचे दोरीवाले. रंगमंचाच्या वर, प्रेक्षकांना दिसत नाही अशा उंचीवर पडदे आणि देखावे टांगलेले असतात. ते वरखाली करायचं काम त्यांचं. मूळचे रायगडच्या किनाऱ्यावरचे, पूर्वी मालवाहू गलबतावर तांडेल, म्हणजे खलाशांचे म्होरके. सगळे त्यांना चाचा म्हणत. मला ते 'बाय' म्हणत.

सगळे निर्धास्त असताना एकटाच धास्तावलेला, असा माणूस तुमच्याही कामाच्या जागी असेल. त्याला हसणं सोपं असतं. आम्हीही हसायचो. मस्कतच्याच हमरियातल्या हॉटेलात चहाला गेलो तरी चाचा बसण्याआधी वर बघत. पंखा असेल तर टेबल बदलत. "काय टांगलंय ते बघून बसावं, बाय," म्हणत आणि बशीत चहा ओतत.

दोन वर्षांपूर्वी इटलीहून एक मंडळी आली. चारशे वर्षांपूर्वी तिकडे ऑपेरा जसा करत, तसाच करून दाखवायचा, हा त्यांचा ध्यास. मोटर नाही, बटण नाही. सोबत लाकडी चाकं, कप्प्या आणि तागाच्या जाड दोऱ्या. कापडावर रंगवलेल्या लाटा आणि एक ढग. शेवटच्या प्रवेशात राणीचा विलाप ऐकून देवी या ढगावर बसून गात गात खाली उतरते. आमच्या बटणवाल्या पोरांना त्या दोऱ्यांतलं काही कळेना. चाचांनी मात्र एकेक कप्पी फिरवून पाहिली आणि मला म्हणाले, "हे गलबतच हाय गो. फक्त पाणी नाय."

यंत्रांची जबाबदारी एका म्हाताऱ्या इटालियन मिस्त्रीकडे होती. पहिल्याच दिवशी कुणीतरी काम करता करता शिट्टी वाजवली. मिस्त्री आणि चाचा, दोघं एकाच वेळी ओरडले. मिस्त्रीने मोडक्या इंग्रजीत सांगितलं की त्यांच्याकडे जुन्या काळी नाटकाच्या दोऱ्या खलाशीच ओढत. शिट्टी हा त्यांचा इशारा. चुकून वाजली तर कुणाच्या तरी डोक्यावर देखावा यायचा. म्हणून आजही तिथे रंगमंचावर शिट्टी वाजवत नाहीत.

मी ते चाचांना मराठीत सांगितलं. त्यांनी हातातली कप्पी खाली ठेवली. मग म्हणाले, "आमच्याकडे पण शिट्टीच होती. बंदरात माल उतरवत होतो. दुसऱ्या गलबतावर कोणी शिट्टी मारली, मला वाटलं आमचीच. सोडली दोरी. खाली माझा भाऊ होता."

त्यानंतर मी त्यांना हसले नाही.

देवीचं काम करणारी गायिका पंचविशीची होती आणि तिला उंचीची भीती वाटायची. पहिल्या तालमीत छताजवळच्या लोखंडी पुलावरून ढगात पाय ठेवता ठेवता तिने तो मागे घेतला. "पाउरा," ती म्हणाली. चाचांनी माझ्याकडे पाहिलं. भीती, मी सांगितलं. त्यांनी स्वतःच्या छातीवर हात ठेवला. "पाउरा. मला पण," ते मराठीतच म्हणाले. तिला काय कळलं कोण जाणे, पण ती ढगात बसली. मग रोजचंच झालं. ती विचारायची, "पाउरा?" हे मान डोलवायचे. एक दिवस त्यांनी डोलवली नाही, तर ती बसायलाच तयार होईना.

प्रयोगाच्या दिवशी दुपारी सामान आत घेताना मागचा मोठा दरवाजा तासन् तास उघडा राहिला. समुद्राची दमट हवा आत भरली. चार वाजता चाचा माझ्या टेबलाशी आले.

"बाय, डावी दोरी फुगलीय. कप्पीत घासते. आज पोरीला वर बसवू नका."

"मिस्त्रींना विचारलंत?"

"तो पण हात लावून गप्प झाला. तू मॅनेजरला सांग."

मी सांगितलं. सभागृहाचा मॅनेजर घाईत होता. "तासाभरात लोक यायला लागतील. ढग नाही तर काय दाखवायचं? यल्ला, चला, चालू ठेवा." मी परत आले आणि, हे लिहिताना अजून कसंतरी होतं, म्हणाले, "काही होणार नाही, चाचा. तुम्ही उगाच भिता."

ते शिडीकडे गेले.

शेवटचा प्रवेश सुरू झाला. राणीचा विलाप संपला, मी 'सोडा' असा इशारा देणारा हिरवा दिवा दाबला, ढग हलला. सातआठ फूट व्यवस्थित आला. मग वरून लाकूड करकरल्याचा आवाज झाला आणि ढग एका बाजूला कलला. डावी दोरी कप्पीत अडकली होती, उजवी उतरतच होती. मग तीही थांबली. गायिका पंचवीस फुटांवर, तिरकी, एका हाताने खांब धरून गात होती. प्रेक्षकांना तो अभिनय वाटला असेल. मला तिच्या मानेची शीर दिसत होती.

कानातल्या यंत्रात मॅनेजरचा आवाज आला, "थांबू नका. सोडा खाली, वजनाने सुटेल."

मी पुन्हा हिरवा दिवा दाबला. काहीच हललं नाही. तिसऱ्यांदा दाबला.

"चाचा, हिरवा आहे. सोडा."

"नाय सोडणार."

"मॅनेजर सांगतायत."

"बाय, डावी दोरी अर्धी कापलीय. मला हितून दिसते. उजवी सोडली तर सगळं वजन डावीवर जाईल." त्यांचा श्वास जोरात चालला होता. "मी भ्यालोय. नाय सोडणार."

माझं बोट हिरव्या दिव्याच्या बटणावरच होतं. ते मी उचललं आणि लाल दिवा लावला. वादकांना तोच भाग पुन्हा वाजवायला सांगितलं. वर चाचांनी दोन माणसं हाताशी घेतली आणि उजवी दोरी हातांनी वर ओढायला सुरुवात केली. वीतभर ओढायची, थांबायचं, पुन्हा वीतभर. एकदा दोरी निसटली. कानात एक लहानसा आवाज आला, भाजल्यावर माणूस काढतो तसा. ढग हिसका बसून थांबला. गायिकेचा सूर तुटला, क्षणभराने पुन्हा लागला.

ढगाची उजवी कड पुलाला लागली तेव्हा मिस्त्रीने तिला उचलून घेतलं. दहा मिनिटांनी देवी चालत रंगमंचावर आली आणि राणीशेजारी जमिनीवर बसून उरलेलं गायली. टाळ्या खूप वाजल्या. मी वर गेले. चाचा भिंतीला टेकून बसले होते, तळवे वर करून. दोन्ही हातांची कातडी गेली होती. हातमोजे ते कधी घालत नसत, दोरी कळत नाही म्हणून. गायिका देवीच्या पोशाखातच त्यांच्यासमोर बसून रडत होती आणि ते तिची समजूत काढत होते. "खलास, बेटा. झालं, संपलं."

दुसऱ्या दिवशी मॅनेजरने अहवाल मागितला. दोरीवाल्याने इशारा पाळला नाही, एवढंच लिही म्हणाला. नोकरी गेली तर व्हिसा जातो, हे इथे कुणाला सांगावं लागत नाही. दोन दिवस मी कागद कोरा ठेवला. तिसऱ्या दिवशी लिहिलं: दुपारी त्यांनी बजावलं होतं, मी त्यांना उडवून लावलं, आणि चुकीचा इशारा मी दोनदा दिला. मला लेखी ताकीद मिळाली. चाचांची नोकरी राहिली.

पण हात राहिले नाहीत. जखमा भरल्या आणि तळव्यांची कातडी जाड, बधिर झाली. महिनाभराने त्यांनी दोरीवर हात ठेवला, डोळे मिटले आणि कितीतरी वेळ उघडलेच नाहीत. मग म्हणाले, "काय कळत नाय गो." त्याच आठवड्यात त्यांनी राजीनामा दिला. मी समजवायला गेले, तर म्हणाले, "दोरी काय म्हणते ते कळत नाय, तो माणूस वर नको. खाली तुम्ही असता."

ते गावी परत जायच्या दिवशी मी हमरियातल्या त्यांच्या खोलीवर गेले. बॅग भरलेली होती. एक खोकं बांधायचं राहिलं होतं. त्यात नातवंडांसाठी खजूर, दुधाच्या पावडरीचे डबे आणि एक जाड ब्लँकेट. बोटं नीट वळत नव्हती म्हणून नायलॉनची दोरी त्यांनी माझ्याकडे दिली. मी गाठ मारली. त्यांनी ती पाहिली आणि मान हलवली. मी सोडून पुन्हा मारली. पुन्हा मान हलवली. तिसऱ्यांदा मारली तेव्हा त्यांनी खाली वाकून दोरीचं टोक दातात धरलं, ओढलं, आणि डोळे मिटून जरा वेळ तसेच थांबले.

"असू दे," म्हणाले.

टॅक्सीच्या डिकीत खोकं पुरतं मावेना. झाकण अर्धवट उघडंच ठेवून ड्रायव्हर निघाला. गल्लीतल्या खड्ड्यांवरून गाडी उडत होती आणि तिच्याबरोबर ते खोकंही. टॅक्सी वळेपर्यंत माझी नजर गाठीवरून हलली नाही.