शकूनं काढून टाकलेलं प्रकरण

शाळेला जायला म्हणून भोरच्या स्टँडवरून चालले होते, तेव्हा भोंगवलीहून आलेल्या एसटीच्या कंडक्टरनं हाक मारली. "बाई, तुमची मैत्रीण गेली... आज सकाळीच." एवढं बोलून तो तिकिटांची पेटी घेऊन कंट्रोलरच्या खिडकीकडे गेला. मी त्याच गाडीनं भोंगवलीला गेले. त्याला आता महिना होऊन गेला.

शकुंतला आणि मी भोरच्या शाळेत एका बाकावर बसायचो. ती मावशीकडे राहून शिकली. पुढं मी इथंच मास्तरीण झाले, आणि ती पुण्याला पदार्थविज्ञान शिकून मुंबईच्या एका संशोधन संस्थेत लागली. भोंगवलीच्या बौद्ध वस्तीतून इतकं शिकलेली ती पहिलीच. पाच-सहा वर्षांपूर्वी, त्र्याहत्तर साली, परदेशी उपग्रहांच्या काही नोंदी जाहीर झाल्या. चोरून होणाऱ्या अणुचाचण्या टिपण्यासाठी सोडलेल्या त्या उपग्रहांना आकाशातूनच गॅमा किरणांचे स्फोट दिसले होते. कुठून येतात, कशानं होतात, कुणालाच ठाऊक नव्हतं. शकूनं छापून आलेले सगळे आलेख जमवले आणि प्रबंधासाठी ते वेगवेगळे लावायला घेतले. काही स्फोट पापणी लवेपर्यंत संपायचे, काही अर्धा-पाऊण मिनिट रेंगाळायचे. हे एकाच गोष्टीचे लहानमोठे प्रकार नसून मुळातच दोन निराळ्या गोष्टी आहेत, असं तिला वाटू लागलं. त्यावर तिनं एक अख्खं प्रकरण लिहिलं.

तेवढ्यात तिचं दुखणं बळावलं. लहानपणीच्या सांधेतापानं हृदयाची झडप खराब झालेली होती. मुंबईचे जिने चढवेनात, तेव्हा ती गावी परतली. मी रविवारी जायची. पडवीत उशीला टेकून ती पट्टीनं आलेख मोजत असायची, पाय सुजलेले, ओठ काळसर. तिचे वडील, आण्णा, शेतावरून आले की उंबऱ्यात बसून विचारायचे, "आज किती झालं गं?" "थोडं झालं," एवढंच ती म्हणायची.

एका रविवारी ते प्रकरण तिनं प्रबंधातून काढून बाजूला ठेवलेलं दिसलं. मी कारण विचारलं.

"उपग्रहावरचं यंत्र किरण ठरावीक जोराच्या वर गेल्याशिवाय जागं होत नाही, कुमे," ती थांबत थांबत म्हणाली. "एखादा लांबणारा पण मंद स्फोट असेल, तर त्याचं नुसतं टोक दिसत असेल... आणि मी त्याला छोटा म्हणून मोकळी."

"तुझ्या मुंबईच्या सरांना चालतंय ना? मग दे तसंच. पदवी तरी हातात पडेल."

"सरांना चालतंय. मलाही ते खरंच वाटतं गं. पण नुसतं वाटतं... दाखवता येत नाही."

मी पुष्कळ समजावलं. वेळ किती उरलाय हे दोघींनाही कळत होतं, पण मला ते तोंडानं बोलवेना. तिनं पहिल्यापासून मोजायला घेतलं, यंत्रागणिक वेगळं. पावसाळ्यात तिला बसवेनासं झालं. प्रबंध तसाच राहिला.

शकू गेल्यानंतरच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला जमलेली माणसं पांगल्यावर आण्णा माझ्याजवळ येऊन बसले.

"पोरी, तिनं जे काढून टाकलं, त्ये खोटं व्हतं का?"

"माहीत नाही आण्णा. कुणालाच माहीत नाही अजून."

"आन उद्या खरं निघालं तर?"



परवा पुन्हा जाऊन आले. दुपारची वेळ होती. शकूला त्या वेळी जरा झोप लागायची, म्हणून घरात सगळे दबक्या आवाजात बोलायला शिकले होते. ते अजून तसंच बोलतात. मी निघाले तेव्हा तिची आई दार लावायला आली. बिजागरी करकरू नये म्हणून तिनं दोन्ही हातांनी दार थोडं वर उचललं, आणि हळूच पुढं लोटलं.