फिट, मराठीत आणि तमिळमध्ये

तुमच्या घरात कुणाला फिट येत असेल, तर सोयरीक जुळवताना ते सांगाल का? की मुलीच्या गोळ्या मसाल्याच्या डब्यात लपवाल?

वसुधा माझी पुण्याच्या वसतिगृहातली मैत्रीण, आता चेन्नईत मेंदूच्या पेशींवर संशोधन करते. तिचं घराणं तंजावरकडचं, पिढ्यान् पिढ्या तमिळ मुलखात राहिलेलं मराठी. मांबलम स्टेशनवर ती मला घ्यायला आली. जिन्याखालीच मोगऱ्याचे गजरे, केळफुलं आणि अंगाला चिकटणारा उकाडा. वेस्ट मांबलममधल्या फ्लॅटवर तिच्या आईनं भाताबरोबर डांगर पच्चडी (उडदाच्या पिठाची दह्यातली कोशिंबीर) वाढली. जेवताना मी वसुधाच्या फिटबद्दल विचारलं, तर आईंनी आधी खिडकीकडे पाहिलं.

“मराठीत विचारलंस ते बरं. शेजाऱ्यांना कळत नाही.”

या घरात शेजाऱ्यांशी तमिळ, ऑफिसात इंग्रजी आणि आजार फक्त मराठीत.

रविवारी मुलाकडचे येणार होते. आईंचं ठरलं होतं: त्यांना काही सांगायचं नाही आणि लग्नानंतर सासरी रुळेपर्यंत गोळ्या बंद. थोड्या दिवसांनी काय बिघडतंय, असं त्यांचं म्हणणं.

काय बिघडतं ते वसुधानं मला दुसऱ्या दिवशी तिच्या प्रयोगशाळेत दाखवलं. खारट द्रावणात उंदराच्या मेंदूचा पातळ काप ठेवला होता. हिप्पोकॅम्पसचा, म्हणजे आठवणी जिथं घडतात त्या भागाचा. द्रावणात प्राणवायूचे बुडबुडे सुटत होते. केसाहून बारीक टोकाची काचेची नळी एका पेशीला टेकवलेली, आणि त्या पेशीची वीज स्पीकरवर ऐकू येत होती. टक्. टक्टक्. टक्. मग वसुधानं द्रावणातलं पोटॅशियम वाढवलं. टकटक वाढली, तडतड झाली आणि एकदम थांबली.

“मेली?”

“नाही ग. इतकी चेतली की आता तिला ठिणगीच टाकता येत नाही.”

तिनं पहिलं द्रावण परत सोडलं. बऱ्याच वेळानं एक टक् आली, मग दुसरी. आनंदानं मी पुढे वाकले, माझं कोपर टेबलाला लागलं आणि पेशी हातची गेली.

“सकाळपासूनची मेहनत, लेखिकाबाई,” वसुधा म्हणाली. नळी काढता काढता ती पुढे बोलली, “गोळी या पेशींना गप्प करत नाही. सगळ्यांनी एकदम ओरडू नये, एवढंच बघते. ती अचानक बंद केली की सगळ्या सुटतात. आणि माझ्या डोक्यातलं द्रावण बदलायला कुणी उभं नसतं.”

रविवारी सोज्जी (शिरा) आणि बज्जी (भजी) झाली. मुलगी बघायला आलेल्यांना इकडे हेच देतात. मुलाकडचेही तंजावरचे मराठीच. मुलाच्या आईनं वसुधाच्या तब्येतीची चौकशी केली. आई “छान” म्हणाल्या. वसुधा उठली, तिनं खिडकी सताड उघडली आणि मोठ्यानं तमिळमध्ये सांगितलं, “एनक्कु वलिप्पु इरुक्कु.” (मला फिट येते.) समोरच्या गॅलरीत कपडे वाळत घालणाऱ्या शेजारच्या मामींचा हात थबकला.

“हळू बोल, खिडकी उघडी आहे,” मुलाची आई म्हणाली.

“म्हणूनच तमिळमध्ये सांगितलं.”

मुलानं खाली बघत विचारलं, लग्नानंतर गोळ्या थांबतील ना? वसुधा म्हणाली, डॉक्टर सांगतील तोवर एकही चुकणार नाही. दहा मिनिटांत मंडळी निघाली. बश्यांत सोज्जी तशीच राहिली. आईंनी खिडकी लावली. वसुधानं ती पुन्हा उघडली आणि संध्याकाळची गोळी सर्वांसमोर हातावर घेतली. पाण्याचा तांब्या आईंनीच पुढे सरकवला.

परतीच्या गाडीत मी शांत नव्हते आणि मला व्हायचंही नव्हतं. एका मुलीला लग्नासाठी स्वतःच्या मेंदूशी जुगार खेळायला सांगणारी घरं तंजावरची नाहीत, पुण्याची नाहीत, ती आपली आहेत. म्हणून मागणं एकच. उद्या तुम्ही मुलगी किंवा मुलगा बघायला जाल आणि समोरून कुणी आपला आजार सांगेल, तेव्हा उठू नका. कॉफी संपेपर्यंत बसा आणि विचारा: गोळीची वेळ कोणती, आणि फिट आली तर आम्ही काय करायचं?