नानांचं ‘कोणतं गाव?’

ज्यांच्या गच्चीवरच्या खोलीत मी बिनभाड्याने राहून बी.ए. करतोय, त्या घरमालकांविषयी लिहायला मी कोण? आमच्या घरात कॉलेजात जाणारा मी पहिलाच. चुकलंमाकलं तर माफ करा. पण जळगावात नानांइतका माणसांचा भुकेला माणूस दुसरा नसेल. उन्हाळ्यात ते बंगल्याच्या फाटकात ताकाचा माठ घेऊन बसतात आणि येणाऱ्याजाणाऱ्याला अडवून विचारतात, ‘कोणतं गाव?’ गाव सांगितलं की सुटका नाही. तिथला पाटील, त्याचा साडू, साडूची सोयरीक असं करत नाना नातं काढणारच. एकदा कुरिअरवाला धरणगावचा निघाला, तर ‘तू त आपला भाचा’ म्हणत त्याला जेवायला बसवलं. बिचाऱ्याची पार्सलं दुपारभर आमच्या ओट्यावर. मी दोंडाईचाकडचा, म्हणून मला खोली मिळाली. स्वयंपाकाच्या अक्का पारोळ्याच्या. त्यांच्या भावाच्या बैलांची नावंही नानांना पाठ.

कॉलनीच्या भिंतीमागे नाल्यालगत पत्र्याची घरं होती. ती हटवून बाग व्हावी म्हणून बंगलेवाल्यांनी नानांना पुढे केलं. शेजारचे डॉक्टर म्हणाले, ‘नाना, मग आपल्या जागांना सोन्याचा भाव.’ नाना चिडले. ‘भाव कसाले? बाग बठ्ठासाठे शे.’ म्हणजे सगळ्यांसाठी. आणि ते अगदी मनापासून म्हणत होते.

त्या दिवशी भाकरी थापता थापता अक्कांनी मला हळूच विचारलं, ‘भाऊ, त्या बठ्ठामा आम्ही शेतस का? मन्हा तोंडमाईन निंघत नही. तू शिकेल शे, नानाले विचार.’ त्यांचं घर त्या पत्र्यांमधलंच होतं. ‘विचारतो,’ मी म्हणालो. रोज ठरवायचो आणि रोज नानांच्या हातचं ताक पिऊन वर यायचो. खोली जाईल अशी भीती वाटायची. हे लिहितानाही मान खालीच आहे.

घरं पाडली गेली. अक्का येईनात. ‘माहेरी गेली असेल,’ म्हणत नाना खानावळीतून मागवलेल्या डब्यातल्या पोळ्यांना नावं ठेवत राहिले. शेवटी मला जवळ बसवून त्यांनी पारोळ्याला अक्कांच्या भावाला फोन लावला. स्पीकर चालू होता. ‘अक्काले धाडी दे रे आते,’ नाना हसत म्हणाले.

 पलीकडून भाऊ अदबीने म्हणाला, ‘नाना, अक्का आठे नही. तुमना भिंतमांगेच ऱ्हाये ती. तिन्हं घर पाडं, तुमले कोणी सांगं नही का?’