त्रेपन्नच्या उड्या

चेन्नईत वेस्ट मांबलमच्या ज्या शाळेत मी दुसरीला गणित शिकवते, तिथे तासाला मुलं जागेवरून उठली की मोठ्या बाईंच्या कपाळाला आठ्या पडतात. त्यामुळे बाकं भिंतीकडे सारून मी फरशीवर खडूने रेघा आखल्या, तेव्हाच कळलं होतं की आता आपलं काही खरं नाही.

पण इलाज नव्हता. वर्गात एक नवी मुलगी होती. वडील श्रीपेरुंबुदूरला मोटारींच्या कारखान्यात, बिऱ्हाड नुकतंच पुण्याहून आलेलं. मी ‘फिफ्टी थ्री’ म्हटलं की ही हटकून पस्तीस लिहायची. मोठ्या बाईंनी ठरवूनच टाकलं होतं, शुक्रवारी स्वतः तपासणार आणि चुकली तर पहिलीत परत पाठवणार. माझं डोकंच फिरलं. पोरगी ढ नव्हती. ती मनात ‘त्रेपन्न’ म्हणायची आणि ऐकू येईल तसं आधी तीन लिहायची, मग पाच. तमिळमध्ये, इंग्रजीत पन्नास आधी येतात. आपण मराठी माणसं मात्र एककाला पुढे दामटतो. हे इथे दुसऱ्या कुणाच्या लक्षात येणार?

म्हणून उड्या. दहाला एक लांब उडी, एकाला एक लंगडी. तोंडाने कुठल्याही भाषेत मोजा, पण लांब उड्या आधी, आणि त्याच क्रमाने लिहायचं. वर्ग नुसता चेकाळला होता.

शुक्रवारी मोठ्या बाई दारातच थबकल्या. “मिस, इदु कणक्कु क्लासा, डान्स क्लासा?”

“कणक्कुदान्, मॅडम,” मी म्हटलं. गणितच आहे.

त्यांनी मुद्दाम ‘फिफ्टी थ्री’च विचारलं. पोरगी खणखणीत आवाजात “त्रेपन्न” म्हणाली. झालं, आता आधी तीनच लिहिणार, मला वाटलं. पण तिने पाच लांब उड्या घेतल्या, तीनदा लंगडी घातली, धापा टाकत फळ्याशी गेली आणि ५३ लिहिलं. मग कुणी न विचारता शेजारी ३५ लिहिलं.

“दॅट इज थर्टी फाइव्ह, मॅडम,” ती म्हणाली. “थ्री बिग जंप्स ओन्ली.”

मुलगी दुसरीतच राहील, एवढंच म्हणून मोठ्या बाई निघून गेल्या. मला आकाश ठेंगणं झालं. मी पदर खोचला, ‘सिक्स्टी टू’ म्हटलं आणि पहिली लांब उडी स्वतःच मारली.