फुग्याची राखण

वारा सुटला की आमचे नाना जेवत नसत. ताट पुढे आलेलं असो नाहीतर घास हातात असो. बाहेरचा कडुनिंब सळसळला की ते उठत आणि ओट्यावर जाऊन आभाळाकडे बघत बसत. धरणगावच्या खळ्यांवर उफणणीसाठी सारा गाव वाऱ्याची वाट पाही, आणि नाना त्याच वाऱ्याला शिव्या घालत.

नाना म्हणजे माझे थोरले काका. पहिल्या महायुद्धात ते आणि माझे वडील मुंबईहून आगबोटीवर कोळसा ओढायला गेले. मी तेव्हा पाळण्यात होते. परत आले ते एकटे नाना.

बोटीच्या गोष्टी सांगताना मात्र ते खुलत. विलायतेच्या समुद्रात पाणबुड्या टपून असत, म्हणून बोटी कळपाने चालत आणि वर आरमाराचा भलामोठा, इंजिनावर उडणारा फुगा राखणीला असे. दुधी भोपळ्यासारखा लांबट, खाली टांगलेल्या पाळण्यात माणसं बसलेली. "वरथीन त्याले पाणीमधलं बठ्ठं दिसे," नाना म्हणत. "तो डोकावर व्हता म्हणजे पाणबुडी तोंड वर काढे नही." फुगा नसला की बोटीच्या पोटात झोपायला कुणी धजत नसे.

वडिलांचं काय झालं, हे त्यांनी आजीला एकदाच सांगितलं होतं. "माय, बोट बुडनी, पण तो बुडना नही. फुगावालासनी दोर टाकीसन त्याले वर खेची लिधं." आजीने ते मानलं. आई कुंकू लावत राहिली. मी तर शाळेत ऐटीत सांगे, माझे वडील फुग्यावर नोकरीला आहेत; मास्तर हसले तर त्यांच्याशीही भांडे. "मना पोऱ्या कव्हय येई?" आजी विचारी. "येई माय," नाना दुसरीकडे बघत म्हणत. गावात कुणी क्रियाकर्माचा विषय काढला तर ते अंगावर धावून जात. माणूस इतकी वर्षं फुग्यात कसा राहील, हे आजीपुढे बोलायची कुणाची छाती झाली नाही.

मी सोळा वर्षांची असताना आजी गेली. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावाने घागर भरतात. त्या आखाजीला नानांनी दोन घागरी मांडल्या. आजीची भरली. दुसरीत पाणी ओतताना त्यांचा हात थांबला.

"फुगा वर शे, जाय, खाले नीज, आसं मीच त्याले सांगं," ते भिंतीकडे बघत म्हणाले. "मंग वारा उठना. फुगा मागे फिरना. वारा पडना म्हणजे येई, आसं वाटनं. मी त्याले उठाडं नही. आन् पाणबुडी उनी. बोट बुडनी."

आई थोरल्या दिरांपुढे कधी तोंड उघडत नसे. त्या दिवशी ती स्वयंपाकघरातून बाहेर आली. कपाळावर कुंकू नव्हतं. तिने नानांच्या हातातला तांब्या काढून घेतला.

"मले तवयच समजनं व्हतं, नाना," ती म्हणाली. "मायसाठे गप बसनू."

आणि दुसरी घागर तिनेच काठोकाठ भरली. नाना गुडघ्यांत डोकं घालून रडत राहिले. वडील गेले म्हणून मी रडले, ती त्या दिवशी, पहिल्यांदा.